तारणाच्या (मुक्तीच्या) वादातून मेहुण्याशी अबोला

पत्र: "जय ख्रिस्त. आम्ही सोलापूरचे. आमचं घराणं मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, आता सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत आहोत. धाकटा मेहुणा पाच वर्षांपासून विजापूर रोडकडच्या एका फेलोशिपला जातो. तिथे मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषांत उपासना चालते. त्याने तिथे पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. मार्चमध्ये सासूबाई वारल्या. तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर जेवणं चालू होती. तेव्हा तो म्हणाला, 'आईला लहानपणी नुसतं पाणी शिंपडलं होतं, ते धरत नाहीत. तिच्या तारणाची मला खात्री नाही.' मी दोन वर्षं यूट्यूबवर निवडीची शिकवण ऐकतोय, म्हणजे कोणाला तारायचं हे देवानेच आधी निवडलंय, ही. एकदा तारण झालं की ते जात नाही, असं मी मानतो. मी सगळ्यांसमोर म्हणालो, 'ज्याला आपलं तारण राहिलं की गेलं हे दर रविवारी तपासावं लागतं, त्याचं ते मुळात झालेलंच नसतं.' तो ताटावरून उठला. बायको तेव्हापासून दोघांशीही मोजकंच बोलते. सासूबाईंचं पवित्र शास्त्र रबर लावून कपाटावर ठेवलंय, तिने त्याला हात लावलेला नाही. डिसेंबरात आमच्या मुलीचा बाप्तिस्मा आहे. मेहुण्याने येणार नाही असं कळवलंय. नम्र व्हायचं म्हणजे सत्य सोडायचं का? आणि त्याला त्याची चूक कशी दाखवू?"

प्रिय बंधू, जय ख्रिस्त.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण पत्रातली दुखरी जागा तिसरीच आहे: कपाटावरचं ते रबर लावलेलं पुस्तक. म्हणून मेहुण्याला चूक कशी दाखवायची, हे मागाहून पाहू.

त्या पंगतीत दोन वाक्यं बोलली गेली. दोन्ही सिद्धांतासारखी वाटतात, पण ती सिद्धांताची नाहीत. 'तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक आहे का, आणि कोणत्या पद्धतीचा?' हा सिद्धांताचा प्रश्न. त्यावर वाद घालता येतो, खुशाल घालावा. 'आईचं तारण झालं का?' हा मात्र निवाडा आहे. मेहुण्याने गेलेल्या माणसावर निवाडा दिला आणि तुम्ही समोर जेवत बसलेल्या माणसावर. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल सरळ विचारतो: दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? तो उभा राहील की पडेल, ते त्याच्या धन्याकडे. तिथला वाद खाण्यापिण्याचा आणि दिवस पाळण्याचा होता, तारणाचा नव्हता, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण वाद मोठा झाला म्हणून धनी बदलत नाही.

त्यातही गंमत अशी की तुम्हा दोघांच्या स्वतःच्या शिकवणीतच त्या वाक्यांना परवानगी नाही. निवड देवाची आणि ती यादी कोणी पाहिलेली नाही, असं तुमची शिकवण सांगते. मग मेहुण्याचं 'मुळात झालेलंच नाही' हे तुम्हाला कुठून कळलं? आणि माणूस शेवटच्या श्वासापर्यंत पश्चात्ताप करून वळू शकतो, असं त्याची शिकवण सांगते. मग आईच्या शेवटच्या रात्री तिच्या मनात काय चाललं होतं, हे त्याला कसं ठाऊक? तुम्ही दोघंही आपापल्या सिद्धांताच्या पुढे धावलात.

आता कामाचं. सुरुवात बायकोपासून करा, मेहुण्यापासून नव्हे.

तिच्याशी बोलताना सिद्धांत काढू नका. दोनच वाक्यं पुरेत: "त्या दिवशी तुझी आई गेली होती आणि मी माझं मत जिंकत बसलो. माझं चुकलं." इथे थांबा. पुढे 'पण तोच आधी...' आलं की माफी संपली आणि पुन्हा खटला सुरू झाला. ती कदाचित विचारेल, "आईचं काय मग?" तेव्हा 'एकदा तारण झालं की जात नाही, काळजी करू नकोस' असं म्हणू नका. तुम्हाला ते खरं वाटत असेलही, पण त्या क्षणी त्याचा अर्थ 'तुझी आई माझ्या बाजूची साक्षीदार' असा होतो. जे तुम्हा दोघांना ठाऊक आहे तेवढंच बोला: त्या कोणाला हाक मारायच्या, कशासाठी प्रार्थना करायच्या, आजारपणात काय म्हणायच्या. ज्याला त्यांनी आयुष्यभर हाक मारली त्याच्या हाती त्या आहेत, एवढं म्हणायला कुठल्याही पंथाची हरकत नाही. ते पुस्तक मात्र काढून तिच्या हातात देऊ नका. ते ती काढेल.

मग मेहुण्याची माफी. आठवड्याच्या आत, समोरासमोर किंवा फोनवर. व्हॉट्सॲपवर नको, कारण त्या मेसेजचा स्क्रीनशॉट दोन तासांत दोन्हीकडच्या ग्रुपांत फिरतो आणि मग तुमची माफी म्हणजे एका पक्षाची शरणागती ठरते. माफी वाक्याची मागायची, विश्वासाची नाही: "तुझ्या तारणाबद्दल मी जे बोललो तो माझा अधिकार नव्हता. आईच्या जेवणात बोललो हे तर फारच वाईट केलं." त्याच्याकडून परत माफी येईल अशी वाट पाहू नका. नाही आली तर तुमची खोटी ठरत नाही.

सिद्धांत न सोडता माफी मागता येते का? याचं एक जुनं उदाहरण आहे, आणि ते तुमच्याच वादातलं आहे. 1739 साली इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने 'देवाने काहींनाच निवडलं' या शिकवणीविरुद्ध प्रवचन केलं आणि ते छापलं. त्याचा जवळचा मित्र जॉर्ज व्हिटफील्ड ही शिकवण मानणारा. त्याने 24 डिसेंबर 1740 ची तारीख घालून जॉर्जियातून लांबलचक उत्तर लिहिलं, आणि पुढच्या वर्षी ते लंडनमध्ये छापून निघालं. त्या उत्तरात त्याने वेस्लीने पूर्वी एकदा खाजगीत टाकलेल्या चिठ्ठीची गोष्टही उघड केली. वेस्ली कठीण निर्णय चिठ्ठ्या टाकून घ्यायचा. पुढे व्हिटफील्डने छापील कबुली दिली की दोघांमधली खाजगी गोष्ट जगापुढे मांडली हे आपलं चुकलं. निवडीचा सिद्धांत मात्र त्याने तसूभरही सोडला नाही. वेस्लीनेही आपला सोडला नाही. 30 सप्टेंबर 1770 ला व्हिटफील्ड अमेरिकेत वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे लंडनमधलं स्मरणप्रवचन वेस्लीने केलं. त्यात त्याने सांगितलं की काही मतांवर प्रामाणिक माणसं पिढ्यान्‌पिढ्या वेगळी राहिली आहेत आणि तिथे मतभेद ठेवूनही एकत्र राहता येतं. त्यानंतर दोघांच्या चेल्यांनी एकमेकांची यथेच्छ उणीदुणी काढली, हेही सांगायला हवं. चेले नेहमीच गुरूपेक्षा कडक.

त्याच्याही आधीचा नमुना वाईट आहे. तुम्ही ऐकता त्या निवडीच्या शिकवणीच्या पाच मुद्द्यांची मांडणी 1618-19 मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथल्या सभेत पक्की झाली. अशी बिनशर्त निवड न मानणाऱ्या आर्मिनियसच्या मताचे पाळक मंडळ्यांतून काढले गेले. त्यांच्या बाजूचा वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट याचा 1619 मध्ये शिरच्छेद झाला. विद्वान ग्रोशियसला जन्मठेप झाली, आणि तो 1621 मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून निसटला. राजकारण त्यात भरपूर होतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओंत पाच मुद्दे येतात, ही पेटी सहसा येत नाही.

तुमच्या घराजवळची गोष्ट पाहा. सोलापुरात काम केलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचं होतं, म्हणजे मुळात निवड मानणाऱ्या कॅल्विनच्या वळणाचं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय स्थापन झालं तेव्हा त्यात ही परंपरा आली, अँग्लिकन आले, बाप्टिस्ट आले आणि वेस्लीच्या वळणाचे ब्रिटिश मेथडिस्टही आले. म्हणजे 'तारण गमावता येतं' असं मानणाऱ्यांचे आणि 'येत नाही' असं मानणाऱ्यांचे वारस तुमच्याच चर्चच्या एका बाकावर बसतात. मेहुणा जे म्हणतो त्यातलं बरंचसं विजापूर रोडवर जन्मलेलं नाही. तुम्ही दोन वर्षांपूर्वी ऐकायला लागलात ते म्हणजेच तुमच्या मंडळीचं एकमेव मत, असंही नाही. आपल्या पाळकसाहेबांना एकदा शांतपणे विचारा. त्यांचं उत्तर तुमच्या अपेक्षेपेक्षा मवाळ असण्याचा संभव आहे.

आता बैठका. डिसेंबरपूर्वी तीन-चार झाल्या तरी खूप. तो तयार असेल तरच.

जागा तुमचं घर नको, त्याची फेलोशिपही नको. कंबर तलावाच्या कडेला बाक चालेल, नाहीतर टीव्ही नसलेलं साधं चहाचं हॉटेल. दोघंच. बायकोला पंच करू नका, पाळकांना किंवा त्याच्या ब्रदरना साक्षीला आणू नका. तिसरा माणूस आला की दोघंही त्याच्यासाठी बोलू लागतात. वेळ दीड तास, त्यापुढे माणूस दमतो आणि दमलेला माणूस जिंकायला बघतो. फोन पिशवीत. बोलता बोलता कोणी 'थांब, एक क्लिप दाखवतो' म्हणाला की बैठक तिथेच संपली असं समजा. त्या क्लिपमधला माणूस तुमच्यासमोर बसलेला नाही, त्याला प्रश्न विचारता येत नाही.

एका बैठकीला एकच अध्याय, पूर्ण वाचायचा. वचनाला वचन मारत बसणं हा या वादाचा सर्वांत मोठा रोग आहे: तो योहान 3 म्हणतो, तुम्ही रोमकर 9, तो इब्री 6, तुम्ही योहान 10. अर्ध्या तासात वीस वचनं होतात आणि एकही वाचलं जात नाही. अध्याय पूर्ण वाचला की वचनाला आजूबाजूचे शेजारी मिळतात आणि त्याचा आवाज बदलतो.

दोघांच्या हातात कोणतं भाषांतर आहे ते आधी वहीत लिहा. बायबल सोसायटीचं, पंडिता रमाबाईंचं, की हल्लीचं एखादं सोपं? शब्द वेगळे निघाले तर वाद तुमचा नसून भाषांतरकारांचा असू शकतो. त्याच्याकडे तेलुगूतून ऐकलेली वचनं असतील. तिथे तारणाला 'रक्षण' म्हणतात. कानडी शास्त्रातही तोच शब्द. आणि आपला 'तारण' शब्द तर आणखी अडचणीचा. नव्या पेठेतून चालत जा, 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी दिसेलच. सोनं तारण ठेवतात, हप्ते भरले तर सुटतं, थकले तर लिलाव. 'तारण जातं का?' असं आपण विचारतो तेव्हा नकळत ही पेढी डोक्यात असते. शास्त्रातलं तारण मात्र तारणे या क्रियापदाचं, 'देव तारी त्याला कोण मारी' मधलं. बुडणाऱ्याला पैलतीरी नेणं. हप्त्याची भाषा कोण आणतंय, हे बोलताना दोघांनीही कान देऊन ऐका. बऱ्याचदा दोघंही आणत असतात.

पद्धत अशी. पहिली वीस मिनिटं तो बोलेल, तुम्ही लिहाल, मध्ये तोंड उघडायचं नाही. मग त्याचं म्हणणं तुम्ही तुमच्या शब्दांत परत सांगायचं, तो 'हो, हेच म्हणतोय मी' म्हणेपर्यंत. पहिल्या खेपेला तो 'नाही' म्हणेल, कारण तुम्ही त्याचं म्हणणं थोडं वाकडं करून सांगाल. सगळेच करतात. तिसऱ्या खेपेपर्यंत जमलं तर छान. मग अदलाबदल. हे न करता वाद घालणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. 'म्हणजे तुमच्या मते पाणीच तारतं!' असं तुम्ही म्हणाल, आणि तो ते कधीच म्हणाला नसेल. 'म्हणजे तारण झाल्यावर हवं ते पाप करा!' असं तो म्हणेल, आणि तुम्ही ते मानत नाही.

नंतर वहीच्या पानावर तीन भाग करा: दोघांना कबूल, तो म्हणतो, मी म्हणतो. ही युक्ती आमची नाही. 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याबद्दल जो संयुक्त जाहीरनामा केला, त्याचा गाभा असाच बांधलेला आहे. सात मुद्दे, आणि प्रत्येकात आधी 'आम्ही एकत्र कबूल करतो', मग प्रत्येक बाजूचं स्पष्टीकरण तिच्या स्वतःच्या शब्दांत. तारणाची खात्री हा त्यातला एक मुद्दा, सत्कर्मं हा दुसरा. फरक पुसले नाहीत. फक्त सोळाव्या शतकात एकमेकांवर घातलेले शाप समोरच्याच्या आजच्या, त्या कागदात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत, असं ठरवलं. पुढे 2006 मध्ये मेथडिस्टांनी आणि 2017 मध्ये कॅल्विन परंपरेच्या मंडळ्यांच्या जागतिक संघानेही त्याला दुजोरा दिला. चारशे-साडेचारशे वर्षं लागली. तुम्हाला चार बैठकांत संपवायचं आहे, तर अपेक्षा बेतानेच ठेवा.

पहिला अध्याय इफिसकरांस दुसरा घ्या. तिथे तारण 'झालेलं' आहे: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान. मग करिंथकरांस पहिल्या पत्रातलं 1:18 उघडा. तिथे तारण 'होत आहे'. मग रोमकरांस 5:9-10, तिथे आपण तारले 'जाणार' आहोत. तिन्ही काळ पौलाचेच. तुमच्या वादातला निम्मा धूर इथूनच निघतो: तुम्ही भूतकाळात बोलता, तो वर्तमानकाळात, आणि दोघांना वाटतं समोरचा तारणच नाकारतोय.

कर्मांचा प्रश्न निघाला तर रोमकरांस 4 आणि याकोब 2 एकाच बैठकीत. हा एक अपवाद, कारण दोघंही अब्राहामाबद्दलचं उत्पत्ती 15:6 हेच वचन पुरावा म्हणून देतात आणि ऐकायला उलटे वाटणारे निष्कर्ष काढतात. पौलापुढे प्रश्न आहे: देवापुढे आत कसं यायचं? याकोबापुढे प्रश्न आहे: 'माझा विश्वास आहे' म्हणणाऱ्याचा विश्वास जिवंत आहे की मेलेला? म्हणून याकोबाचं उदाहरण उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घे' म्हणून नुसतं वाटेला लावणाऱ्याचं आहे. धर्मसुधारक ल्यूथरलासुद्धा हे पचायला जड गेलं. 1522 च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. म्हटलं खरं, पण शास्त्रातून काढलं नाही.

तिसऱ्या बैठकीला एक अवघड काम. प्रत्येकाने आपल्या मताला सर्वांत जड जाणारं वचन स्वतः निवडायचं आणि स्वतः वाचून दाखवायचं. तुमचं इब्री 6:4-6, स्वर्गीय दानाची चव घेतलेल्यांच्या पतनाबद्दलचं. 'हे खरे विश्वासणारे नव्हतेच', किंवा 'हा इशारा हेच देवाचं राखण्याचं साधन' अशी उत्तरं तुमच्या बाजूकडे आहेत. पण साधं वाचलं तर ते वचन टोचतं, हे कबूल करा. त्याचं योहान 10:28-29, माझ्या हातून त्यांना कोणी हिसकावणार नाही. 'हिसकावणार नाही, पण स्वतःहून निघून जाता येतं' असं त्याची बाजू म्हणते. ते 'पण' वचनात लिहिलेलं नाही, हे त्याने कबूल करावं. दोन्हीकडे एक 'पण' आहे, हे एकमेकांच्या तोंडून ऐकलं की आवाज आपोआप खाली येतात.

हा खडक फक्त आपल्याच वाटेत नाही. दक्षिणेत श्रीवैष्णवांमध्येही दोन तट पडले. माकडिणीचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, मांजर आपलं पिल्लू तोंडात धरून नेते. देवाची कृपा यातली कशी? वडकलै पंथ माकडिणीच्या बाजूला, तेंकलै मांजरीच्या.

बाप्तिस्म्याचा विषय शेवटच्या बैठकीला, कारण तिथे सासूबाई आहेत. एक शब्द पूर्ण टाळा: 'पुनर्बाप्तिस्मा'. तुमच्या दृष्टीने त्याने दुसऱ्यांदा घेतला, त्याच्या दृष्टीने तोच पहिला. हा शब्द वापरला की निकाल आधीच लागलेला असतो. तसंच त्याने 'नावाचे ख्रिस्ती' हा शब्द टाळावा, असं त्याला सांगा. मग त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडा: नव्या करारात एखाद्या तान्ह्या बाळाचा स्पष्ट उल्लेख करून बाप्तिस्मा सांगितलेला नाही, आणि रोमकरांस 6 मधलं पुरलं जाण्याचं चित्र बुडण्याला जास्त शोभतं. तुमची बाजू: प्रेषितांच्या कृत्यांत लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी यांचा घरच्यांसह बाप्तिस्मा झाला. आणि तारणच त्यावर अवलंबून म्हणाल तर लूक 23:43 मधल्या, ख्रिस्ताशेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या चोराला पाणी कोणी आणलं? मार्क 16:16 चा पूर्वार्ध तो वाचेल. उत्तरार्ध वाचायला सांगा, तिथे शिक्षा विश्वास न ठेवणाऱ्याला आहे, बाप्तिस्म्याचा शब्द पुन्हा येत नाही.

आपल्या मराठी माणसांकडेही बघा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला, आणि त्यांनी स्वतः लिहून ठेवलं की आठेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. मेहुण्याला हे आवडेल. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. हे त्याला आवडणार नाही, आणि तुमच्या मंडळीतल्या काहींनाही नाही. दोघांचंही ख्रिस्तीपण आज कोणी मोजत बसत नाही.

आता 'सत्य सोडायचं का?' नाही. गलतीकरांस दुसऱ्या अध्यायात पौल पेत्राला तोंडावर विरोध करतो, आणि तो योग्यच करतो. पण कशावरून, ते नीट वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला होता. 'हे पुरते आपले नाहीत' असा त्या उठण्याचा अर्थ होत होता. पौल चिडला तो त्यावर. तुमच्या घरातल्या ताटाचा विचार करा. उठला तो, पण उठवलं कोणी?

उलट, अपुल्लोसला प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने सुधारलं ते प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात. तो उत्साही होता, शिकवत होता ते बरोबर होतं, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्माच ठाऊक होता. बाप्तिस्म्याचाच मुद्दा! सभास्थानात त्यांनी त्याला अडवलं नाही. बाजूला घेतलं आणि अधिक नीट समजावलं. चूक दाखवण्याची पद्धत विचारलीत ना, ती एवढीच आहे. आणि त्या बैठकीत प्रिस्किल्लाही बोलली होती. तुमची बायको बोलू लागली तर ऐका.

काही गोष्टी मात्र या सौम्यपणात बसत नाहीत. फेलोशिपमध्ये तारणासाठी ठरावीक रक्कम मागितली जात असेल, रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या 'विश्वासाने' बंद करायला सांगत असतील, घरच्यांशी संबंध तोडायला सांगत असतील, लहान मुलांना नरकाच्या भीतीने रडवत असतील, तर ते सिद्धांताचे मतभेद नव्हेत. तिथे थेट, त्याच दिवशी बोला. गोळ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना मध्ये घ्या. तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही, म्हणून नसलेलं शोधत बसू नका.

आणि तो आला नाही, बैठका नकोच म्हणाला तर? एकदा विचारायचं, दोन महिन्यांनी एकदा पुन्हा, बस. त्याच्या स्टेटसला उत्तर म्हणून वचन टाकायचं नाही. व्हॉट्सॲपवरच्या घरच्या ग्रुपात वाढदिवस, दवाखाना आणि प्रार्थनेच्या विनंत्या राहू द्या. प्रवचनांचे फॉरवर्ड दोघांनीही बंद करावेत. आधी तुम्ही बंद करा.

राहिला मुलीचा बाप्तिस्मा. सीएनआयमध्ये बालकांचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य आहेत. मेहुण्याला हे ठाऊक नसेल, तुम्हालाही कदाचित नसेल. तुम्ही दोघांनी बालबाप्तिस्म्याचं ठरवलं असेल तर तो करा, त्याच्यासाठी रद्द करू नका. रद्द केलात तर पुढचं सगळं घर त्याच्या रागावर चालेल. पण त्याला बाळाचा गॉडफादर म्हणून उभं राहायला सांगू नका. ज्या विधीला तो बाप्तिस्मा मानत नाही, तिथे त्याच्या तोंडून वचन घेणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. पाळकसाहेबांना आधी भेटून विनंती करा की त्या दिवसाच्या संदेशात फेलोशिपवाल्यांना टोमणा नको.

आमंत्रणं दोन वेगळी द्या. उपासनेचं एक: "सकाळी चर्चमध्ये आहे. तुझ्या मनाला पटत नसेल तर नाही आलास तरी मी समजून घेईन." जेवणाचं दुसरं, आणि ते बायकोने फोन करून द्यावं: "दुपारी घरी ये. जेवणाआधीची प्रार्थना तूच करायची आहेस." पहिल्याला तो नाही म्हणेल, दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड आहे. आला तर त्याचं ताट तुमच्या शेजारी मांडा, समोर नको. आणि त्याची प्रार्थना जरा लांबली, मध्ये पवित्र आत्म्याचं नाव चार वेळा जास्त आलं, मोठ्याने 'हालेलुया' झालं, तरी डोळे मिटलेलेच ठेवा आणि शेवटी आमेन म्हणा.